फुकटच्या स्क्रिप्टवर उभी असलेली नोकरी

मोशी (प्रतिनिधी) : भोसरीपासून मोशीमार्गे चाकणपर्यंत पसरलेला औद्योगिक पट्टा यंत्रांसाठी ओळखला जात असला, तरी येथील कारखान्यांचे बरेचसे काम आज संगणकाच्या पडद्यावर चालते. भांडारातील मालाच्या नोंदी, रवानगीची कागदपत्रे, हजेरी, पगारपत्रक ही ती कामे. दृष्टिहीन पदवीधरांना करता येण्याजोगी कामेही हीच आहेत. मोशीहून जवळ असलेल्या आळंदीत अंध मुलींची 'जागृती' शाळा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात दृष्टिविषयक अपंगत्व असलेल्यांची संख्या ५ लाख ७४ हजारांच्या घरात होती. शिकून बाहेर पडणाऱ्या या तरुणांना कारखान्याच्या कार्यालयात टिकता येईल की नाही, हे पुष्कळदा एका लहानशा फाईलवर ठरते. ही फाईल म्हणजे 'स्क्रिप्ट'.

पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारी 'स्क्रीन रीडर' ही प्रणाली दृष्टिहीनांचे मुख्य साधन आहे. मात्र पडद्यावरील प्रत्येक चौकटीला आणि बटणाला प्रणाली बनवणाऱ्याने नाव दिलेले असेल, तरच ती ते वाचू शकते. कारखान्यांसाठी खास तयार करून घेतलेल्या प्रणालींत ही काळजी घेतली गेली नसेल, तर मालाची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कानावर 'बटण, बटण, बटण' एवढेच पडत राहते. स्क्रिप्ट ही उणीव भरून काढते. कोणत्या ठिकाणच्या बटणाला काय म्हणायचे, कोणती कळ दाबल्यावर कोणता रकाना वाचायचा, हे ती स्क्रीन रीडरला शिकवते.

देवघेवीची परंपरा

अशा स्क्रिप्ट बहुतांशी वापरणाऱ्यांनीच लिहिल्या आणि एकमेकांना दिल्या. अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकी अभियंते टेड हेंटर यांनी १९८७ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने 'जॉज' हा स्क्रीन रीडर विकसित केला. १९९५ मध्ये त्याची विंडोज आवृत्ती आली. वापरणाऱ्याला स्वतः बदल करता यावेत म्हणून त्यात स्क्रिप्ट लिहिण्याची सोय आहे. मात्र जॉजच्या व्यावसायिक परवान्याची किंमत अमेरिकेत एक हजार डॉलरहून अधिक आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' या मोफत आणि मुक्त स्रोत स्क्रीन रीडरची सुरुवात केली. पुढे जेम्स टे हे त्यांचे सहकारी झाले. त्यात अशा जोडप्रणालींना 'ॲड-ऑन' म्हणतात.

या देवघेवीतून काय साधते, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. एका संगणकावर बसून दुसऱ्या संगणकावरील एनव्हीडीए हाताळण्याची सोय २०१५ च्या सुमारास दोन वापरकर्त्यांनी ॲड-ऑनच्या रूपाने दिली. २०२५ च्या पहिल्या आवृत्तीत ती मूळ प्रणालीचाच भाग झाली.

तीन अडचणी

परंतु याच व्यवस्थेवर नोकरी अवलंबून असेल, तर तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली टिकाऊपणाची. स्क्रिप्ट लिहिणारा स्वयंसेवक काम थांबवतो आणि मूळ प्रणाली बदलत राहते. एनव्हीडीएच्या २०१९.३ या आवृत्तीने पायथन भाषेची नवी पिढी स्वीकारली, तेव्हा सुधारून न घेतलेली अनेक जुनी ॲड-ऑन निरुपयोगी झाली. कारखान्यातील प्रणालीची मांडणी एका रात्रीत बदलली, तरी परिणाम तोच. सकाळी कामावर आलेल्या कर्मचाऱ्याला कालचे काम आज करता येत नाही आणि दोष मात्र त्याच्या कुवतीला लागतो.

दुसरी अडचण सुरक्षिततेची. २०२३ पासून एनव्हीडीएमध्येच ॲड-ऑनचे भांडार उपलब्ध आहे. पण त्यातील ॲड-ऑनची तपासणी आपण करत नाही आणि ती संगणकावरील सर्व माहितीपर्यंत पोहोचू शकतात, असा इशारा खुद्द निर्मात्या संस्थेनेच दिला आहे. एखाद्या कंपनीच्या संगणक विभागाने अनोळखी फाईलला मज्जाव केला, तर त्याची भीती निराधार म्हणता येत नाही. मात्र सरसकट बंदीचा अर्थ दृष्टिहीन कर्मचाऱ्याला कामावरून दूर करणे, एवढाच होतो.

तिसऱ्या अडचणीची चर्चा फारशी होत नाही. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या स्क्रिप्टवर, वेगळा करार नसल्यास, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मालकाचा हक्क असतो. समजा, चाकणमधील एखाद्या कर्मचाऱ्याने भांडाराच्या प्रणालीसाठी चांगली स्क्रिप्ट लिहिली. शेजारच्या कारखान्यात तीच प्रणाली वापरणाऱ्या दुसऱ्या दृष्टिहीन कर्मचाऱ्याला ती द्यायची, तर व्यवस्थापनाची परवानगी हवी. ती मागण्याची पद्धतच नसेल, तर प्रत्येकाने तेच कष्ट नव्याने उपसायचे.

जबाबदारी कोणाची?

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात सहायक साधनांची तरतूदही असावी, असे २०१७ चे केंद्रीय नियम सांगतात. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा पडदा वाचता येण्याजोगा करणे हे परोपकाराचे काम राहिलेले नाही. तरीही आज त्याचा भार स्वयंसेवकांच्या फावल्या वेळेवर आहे.

उपाय फार खर्चिक नाहीत. प्रणाली खरेदी करतानाच प्रत्येक बटणाला वाचता येणारे नाव असण्याची अट करारात घालता येईल. संगणक विभागाने मागणी आलेली स्क्रिप्ट तपासून मंजूर यादीत घ्यावी आणि प्रणालीत बदल करण्यापूर्वी तिची चाचणी करावी. स्क्रिप्टमध्ये उत्पादनाची गोपनीय माहिती नसेल, तर ती इतरांना देण्याची लेखी मुभा कर्मचाऱ्याला असावी. मराठी कागदपत्रांसाठी युनिकोडचा आग्रहही याच यादीत येतो. कारण युनिकोडपूर्व फॉण्टमधील मजकूर स्क्रीन रीडरला निरर्थक अक्षरांची रांग म्हणूनच ऐकू येतो.

स्क्रिप्टची देवघेव यापुढेही चालू राहील आणि ती राहायलाच हवी. गरज कोठे आहे, हे वापरणाऱ्याइतके कोणालाच कळत नाही. पण ज्या कारखान्याला त्या कर्मचाऱ्याच्या कामाचा लाभ मिळतो, त्याने त्या फाईलची निगा राखण्याचा खर्चही आपला मानला पाहिजे. अन्यथा एका स्वयंसेवकाने हात आखडता घेताच आळंदीत शिकलेल्या एखाद्या मुलीची नोकरी धोक्यात येईल आणि तिच्या कामात मात्र कोणतीही खोट नसेल.