इतक्या लांब जातोच आहोत तर...

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. कारण घरात एक छोटंसं युद्ध चालू आहे आणि त्यात माझ्या बाजूने मी एकटीच आहे. आमचे हे तटस्थ. त्यांचं म्हणणं, "तुम्ही मायलेक काय ते ठरवा, मला फक्त गुडघ्याचा पट्टा कुठे ठेवलाय ते सांगा."

झालंय असं, की मुलगा ऑस्लोला असतो. दोन वर्षं "या, या" चाललंय. शेवटी येत्या जूनमध्ये जायचं ठरलं. राहणं त्याच्याकडे, आणि मध्ये आठ दिवस फिरणं. त्याने आणि सूनबाईंनी मोठ्या हौसेने एक तक्ता करून पाठवला. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, शेवटी नॉर्वेचं बर्गन. चार देश, आठ दिवस. बर्गनच्या चौकटीत लिहिलं होतं, "स. ८ आगमन, जुना धक्का, फोटो, दु. ३ निघणे."

मी उत्तर पाठवलं, "बाकी सगळं रद्द. फक्त बर्गन. चार रात्री."

दोन दिवस फोन नाही. मग आला तो या वाक्यासकट : "अगं आई, इतक्या लांब येतेच आहेस तर..."

मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. मुलाशी नाही, सुनेशी तर मुळीच नाही. (दोघंही हे वाचणार आहेत!) पण "इतक्या लांब जातोच आहोत तर" या पाच शब्दांनी आपल्या लोकांच्या प्रवासाचं जेवढं वाटोळं केलंय, तेवढं खराब रस्त्यांनी आणि रद्द झालेल्या गाड्यांनीही केलेलं नाही.

हे मी अधिकाराने बोलते. मी लग्न होऊन औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आले त्याला पन्नास वर्षं होतील. (सवय जात नाही, तोंडात जुनं नावच येतं.) इतकी वर्षं आमचं घर म्हणजे अजिंठा-वेरूळची धर्मशाळा. पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी वेरूळ, येताना दौलताबाद, दुपारी बीबी का मकबरा, पाणचक्की, संध्याकाळी पैठणीचं दुकान. दुसऱ्या दिवशी पहाटे शंभर किलोमीटरवर अजिंठा आणि रात्रीच्या गाडीने परत. रात्री माझ्या स्वयंपाकघरात दहीभात खाताना मी विचारायची, "काय आवडलं?" उत्तर एकच, "छान होतं हो सगळं!"

एकदा जवळच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी भात कालवता कालवता मलाच विचारलं, "ते डोंगर वरून खाली कोरत आणलेलं देऊळ कुठलं हो, अजिंठ्याचं की वेरूळचं?" आदल्याच दिवशी ते कैलास लेण्यासमोर उभे होते! त्यांची चूक नाही. कैलासाच्या बाजूने डोंगरावर चढून वरून खाली पाहिलं, की मग डोक्यात प्रकाश पडतो की हे बांधलेलं नाही, कोरून काढलंय. पण वर चढायला अर्धा तास लागतो, आणि दौलताबाद वाट पाहत असतं.

आता स्वतःचंही सांगते, नाहीतर हा लेख म्हणजे नुसता शहाणपणा होईल. शाळेत असताना मी कितीतरी सहली नेल्या. एस.टी.ची गाडी, पन्नास मुलं, डबे, शिट्टी, दर तासाला मोजदाद. एकदा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एक मुलगा पद्मपाणीसमोर उभा राहिला तो हलेच ना. त्या लेण्यात अंधार असतो. उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, मग हळूहळू चेहरा दिसतो, हातातलं कमळ दिसतं. त्या मुलाला नेमकं तेव्हाच दिसायला लागलं होतं. मी काय केलं? दंडाला धरून ओढलं आणि म्हटलं, "चल रे पुढे, अजून पंचवीस लेणी राहिलीत." त्या दिवशी मुलांना काय काय दाखवलं ते मला आज आठवत नाही. त्याचा मागे वळलेला चेहरा मात्र आठवतो.

तर सांगायचा मुद्दा असा, की उरलेल्या आयुष्यात मला कुणी दंडाला धरून ओढायला नको आहे, आणि मलाही कुणाला ओढायचं नाही.

बर्गनच का, असं सूनबाईंनी विचारलं. तिथला जुना लाकडी धक्का, ब्रिग्गेन, १९७९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. आपली अजिंठा आणि वेरूळ १९८३ साली. म्हणजे त्या यादीत तो आपल्यापेक्षा चार वर्षांनी मोठा! साधारण १३६० पासून जवळजवळ चारशे वर्षं तिथे हान्सा नावाच्या जर्मन व्यापारी संघाची पेढी होती. उत्तरेकडून सुकवलेला मासा यायचा. मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवलेला, आपल्या बोंबलाचा थोरला भाऊ म्हणा. त्याच्या बदल्यात धान्य जायचं, कारण त्या थंडीत पिकणार किती? या पेढ्यांवर कोवळ्या वयाची मुलं उमेदवारीला यायची. तिथे राहायचं तर लग्न करायचं नाही. आणि घरं लाकडाची म्हणून आत विस्तव पेटवायचा नाही, दिवासुद्धा नाही. स्वयंपाकाला आणि ऊब घ्यायला मागच्या बाजूला वेगळ्या खोल्या. बर्गनच्या हिवाळ्यात ती पोरं गारठलेल्या खोल्यांत कशी झोपत असतील? शिक्षिकेला पहिला प्रश्न हाच पडतो. याचं उत्तर सात तासांत, त्यातही फोटो काढून, मिळेल का?

एवढं करूनही धक्का जळायचा तो जळलाच, तोही अनेकदा. १७०२ सालच्या आगीत शहराचा मोठा भाग गेला. लोकांनी पुन्हा त्याच जागी, जुन्याच पद्धतीने घरं उभी केली. १९५५ साली पुन्हा आग लागली, तेव्हा जळालेल्या जागी अनेक वर्षं उत्खनन झालं. त्यात प्राचीन रुनी लिपीतले सहाशेहून जास्त लेख सापडले, बरेचसे लाकडाच्या काटक्यांवर कोरलेले. राजाच्या आज्ञा नव्हेत हो, साधे निरोप आणि मालावरच्या नावाच्या चिठ्ठ्या. एका काटकीवर एवढंच आहे, की गिदा नावाच्या बाईने कुणाला तरी घरी बोलावलंय. तो बहुधा पिण्याच्या अड्ड्यावर बसला असावा, असं म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वीची ती बाई मला फार ओळखीची वाटते. आगीच्याच जागेवर संग्रहालय आहे. त्याला मी एक अख्खा दिवस देणार आहे.

आता आक्षेप.

एक, "पुन्हा कधी जाणार?" बरोबर. मी चौऱ्याहत्तरची, हे अठ्ठ्याहत्तरचे. पुन्हा जाणार नाही. पुन्हा जायचं असतं तर एक वेळ धावत पाहिलं असतं. एकदाच जेवायचं असेल तर माणूस पोटभर जेवतो, चार पंगतींत एकेक घास घेत फिरत नाही.

दोन, "पैसे वसूल व्हायला हवेत." चार शहरं म्हणजे चार हॉटेलं आणि सगळी विमानतळांवरची धावपळ. पैसे वसूल होतात ते विमान कंपन्यांचे.

तीन, "तिथे सारखा पाऊस असतो." हे आमच्या मराठवाड्याच्या माणसाला सांगता? इथे वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर, तोही आला तर. बर्गनला दोन हजारांहून जास्त. टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे काढलेली बाई पावसात खिडकीशी बसून राहिली तर तिचा दिवस फुकट गेला असं कोण म्हणेल?

आणि सहल कंपन्यांवर मी सरसकट टीका करत नाही. माझी बहीण एकटी पडल्यावर अशाच एका सहलीमुळे घराबाहेर पडली. सोबत मिळाली, भाषेची अडचण आली नाही, रोज वरणभात मिळाला. एकट्या बाईला तो आधार मोठा आहे. पण आपल्याला सोबत आहे, राहायला मुलगा आहे, तरी आपण स्वतःच्या हाताने तोच शिट्टीवाला तक्ता का करायचा?

माझा बेत असा. ऑस्लोहून रेल्वेने जायचं. १९०९ सालची ही लाइन डोंगर ओलांडून साधारण सात तासांत नेते. वाटेत फिन्से हे स्टेशन १,२२२ मीटर उंचीवर आहे. जूनमध्येही तिथे बर्फ दिसतो म्हणे. पहिला दिवस हाच. दुसरा दिवस धक्का आणि मागची बोळं, तिसरा संग्रहालय. चौथ्या दिवशी १९१८ पासून चालू असलेल्या दोराच्या रेल्वेने फ्लोयेन डोंगरावर. म्हणजे ह्यांच्या गुडघ्यांची सोय झाली. तिथे वर बसून राहायचं. जूनमध्ये सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, घाई कसली? पाचव्या दिवशी परत.

व्हिसाचंही सोपं झालं. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा असतो, आणि आम्ही सगळेच दिवस नॉर्वेत. तीस हजार युरोंचा विमा लागतो, तो काढायला टाकलाय.

काल रात्री मुलाचा फोन आला. म्हणाला, "बरं, बर्गन चार रात्री. पण एक दिवस तरी स्टॉकहोम..." मी फोन ह्यांच्याकडे दिला. हे म्हणाले, "पट्टा सापडला." असो.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. आमच्याकडे जरूर या, पण निदान चार दिवस काढून. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, हे ध्यानात ठेवा. ते दोन दिवस मुद्दाम धरूनच या. घरी बसू, गप्पा मारू. आणि बुधवारी आपण कैलासाच्या वरच्या बाजूला चढू. माझ्याने चढवेल तेवढं मी चढेन, पुढचं तुम्ही पाहून या. मी खाली थांबते, सावकाश या.