उच्चदाब विद्युत साधनांची देखभाल व साफसफाई निर्धोकपणे होण्याबाबतचे निवेदन

प्रति,
मा. मुख्य विद्युत निरीक्षक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांच्या सेवेसी

विषय : ११, २२ व ३३ किलोव्होल्ट दाबाच्या साधनांवर देखभालीचे व साफसफाईचे काम करणाऱ्यांच्या जीवितरक्षणार्थ करावयाच्या तजविजीबाबत.

महोदय,

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत यंत्रचालक, तंत्रज्ञ व मक्तेदाराकडील रोजंदार म्हणून उपकेंद्रांवर काम करणारे, आणि आयुष्याचा मोठा भाग याच कामात वेचून आता निवृत्त झालेले आम्ही खाली सह्या करणारे, पुढील कैफियत आपल्यापुढे विनयपूर्वक मांडीत आहो. पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीचे दिवस जवळ आले असून, लवकरच गावोगावी वीज बंद राहण्याच्या सूचना निघतील, फीडरमागून फीडर बंद होतील, आणि हाती फडके घेतलेली माणसे रोहित्रांच्या बुशिंगपाशी, आयसोलेटरच्या मनोऱ्यांवर व स्विचगिअरच्या कपाटांत शिरतील. त्यांतील प्रत्येक जण संध्याकाळी आपल्या पायांनी घरी परतावा, एवढ्याच हेतूने हा अर्ज केला आहे. पगार, बढती वा बदली यांची कोणतीही मागणी त्यात नाही, हे आरंभीच नमूद करणे इष्ट वाटते.

साफसफाईचे काम हलके समजले जाते, आणि हलके समजले जाते म्हणूनच ते ज्याला सर्वांत कमी शिकविले आहे त्याच्या वाट्यास येते. वस्तुतः किनाऱ्यावरील उपकेंद्राचे आयुष्य याच कामावर अवलंबून आहे. पावसाळा संपल्यापासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण पोर्सेलीनच्या चकत्यांवर बसत राहतात व त्यांत रस्त्यांची धूळ आणि जांभ्या दगडाची तांबडी भुकटी मिसळते. कोरड्या हवेत हा थर निरुपद्रवी असतो. परंतु पहाटेचे दव अथवा मृगाची पहिली हलकी सर त्यावर पडली की तो विजेचा वाहक बनतो, पृष्ठभागावरून गळतीचा प्रवाह सुरू होतो, त्या प्रवाहाच्या उष्णतेने थराचे काही पट्टे सुकतात, सारा दाब त्या अरुंद सुक्या पट्ट्यांवर एकवटतो, आणि ठिणगी एका चकतीवरून दुसरीवर उडी घेत अखेर जमिनीला मिळते. मुसळधार पाऊस हा थर धुऊन टाकतो. घात करतो तो झिमझिम पाऊस आणि धुके. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा आडवे झालेले खांब सर्वांना दिसले, परंतु अशा वादळाबरोबर येणारा खारा तुषार उभ्या राहिलेल्या साधनांवर कसा लेप चढवितो, हे तेथे पुन्हा वीजप्रवाह सुरू करणाऱ्यासच ठाऊक असते.

बंदिस्त स्विचगिअरची कथा वेगळी नाही, केवळ अधिक गुप्त आहे. कपाटातील स्पेस हीटर जळालेला असला, केबल जेथून आत येते ते भोक बुजविलेले नसले, तर रात्री आत दव धरते. इपॉक्सीच्या आधारकांवर धुळीचा ओला थर साचून विजेचा सूक्ष्म अंशतः विसर्ग सुरू होतो, ओझोनचा उग्र दर्प येतो, पांढुरकी भुकटी दिसू लागते, आणि कार्बनच्या रेषा झाडाच्या मुळ्यांसारख्या पसरत जाऊन एके दिवशी तो आधारक फुटतो. त्यापूर्वी कित्येक रात्री कपाटातून बारीक तळणीचा आवाज येत असतो व रात्रपाळीचा यंत्रचालक तो ओळखतो. परंतु नोंदवहीत दाब, भार व तपमान यांचे रकाने असले तरी आवाजाचा रकाना नाही, आणि ज्याचा रकाना नाही त्याची दखल नाही, असा आमच्या खात्यांचा जुना रिवाज आहे.

तेव्हा साफसफाई अवश्य व्हावी, किंबहुना आज होते त्याहून अधिक वेळा व्हावी, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो ती कोणत्या स्थितीत होते याचा.

फीडरचा ब्रेकर ऑफ केला की फीडर निर्जीव झाला, अशी समजूत नवख्या माणसाची असते, आणि घाईच्या वेळी जुन्या माणसाचीही होते. ब्रेकरच्या माथ्यावरची बसबार जिवंतच असते; समोरच्या बाजूची लाइन दुसऱ्या उपकेंद्राकडून रिंगद्वारे चार्ज झालेली असू शकते; एखाद्या ग्राहकाने चेंजओव्हर स्विच न बसविता जनरेटर सुरू केला तर लघुदाबाची वीज रोहित्रातून उलटी चढून ११ किलोव्होल्ट होऊन परत येते; लांब केबल आणि कपॅसिटरचा संच पुरवठा तुटल्यानंतरही काही काळ भार धरून राहतात; आणि व्हीसीबीच्या बंद निर्वात बाटलीतील संपर्क खरोखर विलग झाले आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी पाहण्याचा मार्गच नसतो. म्हणूनच डोळ्यांना दिसणारी फट, म्हणजे उघडलेला आयसोलेटर अथवा बाहेर ओढलेली ट्रॉली, त्यावर कुलूप, दाब नसल्याची चाचणी, आणि कामाच्या जागेच्या दोन्ही अंगांस अर्थिंग, या क्रमाला पर्याय नाही. त्यांतील अर्थिंग हे शेवटचे, आणि आमच्या मते एकमेव भरवशाचे संरक्षण होय. कारण बाकीच्या सर्व पायऱ्या कोणाच्या तरी शब्दावर अवलंबून असतात, आणि दूरध्वनीवरील शब्द चुकू शकतो.

कायदा याबाबत अपुरा आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३६ व्या नियमानेच अशी आज्ञा घातली होती की, कोणताही वाहक वा साधन हाताळण्यापूर्वी अर्थिंग करून अथवा अन्य योग्य उपायाने त्यातील भार काढून टाकावा, आणि माणसे काम करीत असताना ते चुकून पुन्हा चार्ज होणार नाही याचा बंदोबस्त करावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या व त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांतही याच तत्त्वाचा पुनरुच्चार आहे. इतक्या वर्षांच्या या आज्ञेचे पालन उपकेंद्राच्या फाटकाच्या आत नेमके कोठे खुंटते, हे सांगण्यासाठीच आम्ही आपणांस तसदी देत आहो.

ते वेळेपाशी खुंटते. एका उपकेंद्रास दोन तासांचे शटडाऊन मंजूर होते असे धरा. त्या दोन तासांत लाइन क्लिअर मागावयाचे, समोरच्या उपकेंद्राकडून दुजोरा घ्यावयाचा, आयसोलेटर उघडून कुलपे लावावयाची, डिटेक्टरने प्रत्येक फेज तपासावयाचा, अर्थिंग रॉड चढवावयाचे, मग चार-पाच बे, एक रोहित्र व त्याचे बुशिंग, सीटी, पीटी, लाइटनिंग अरेस्टर पुसून घ्यावयाचे, सैल जोड आवळावयाचे, जळालेले जंपर बदलावयाचे, आणि शेवटी माणसे, हत्यारे व अर्थिंग रॉड मोजून परत काढून लाइन क्लिअर परत करावयाचे, असा सरंजाम असतो. पहिला अर्धा तास समोरचा दूरध्वनी न लागण्यात जातो. दीड तास उलटताच गावातून, पाणीपुरवठा योजनेतून, बर्फाच्या कारखान्यातून विचारणा सुरू होते, आणि वरिष्ठांचा निरोप येतो की लवकर आटोपा. जे काम डोळ्यांना दिसते ते टाळता येत नाही, कारण न पुसलेला बुशिंग उद्या तपासणीत सापडेल. जे काम दिसत नाही, ज्याच्या अभावी शंभरांतून नव्याण्णव वेळा काहीही बिघडत नाही, तेच गाळले जाते. अशा रीतीने अर्थिंग गाळले जाते. ते गाळणारा माणूस आळशी वा अडाणी असतो असे चौकशीच्या कागदांत वारंवार लिहिले जाते. तो बहुधा आज्ञाधारक असतो, हे लिहिले जात नाही.

सबब आमची मुख्य मागणी अशी की, शटडाऊनची मुदत वीज किती वेळ बंद ठेवणे सोयीचे आहे यावरून न ठरविता कामाच्या तपशिलावरून ठरावी. विलगीकरण, चाचणी व अर्थिंग यांस लागणारा वेळ, तसेच शेवटी ते सर्व उतरविण्यास लागणारा वेळ मंजुरीपत्रात स्वतंत्र दर्शवावा व प्रत्यक्ष कामाच्या वेळेतून तो वजा होऊ नये. आणि मुदत अपुरी पडल्यास काम अर्धवट सोडून देण्याचा अधिकार जागेवरील प्रमुखास लेखी असावा, व त्या कारणाने त्याजवर कोणतीही कारवाई होऊ नये. वीजपुरवठा किती मिनिटे खंडित राहिला याचा हिशेब वितरण परवानाधारकांस वीज नियामक आयोगाकडे द्यावा लागतो, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु चांगल्या रीतीने पुसलेल्या व आवळलेल्या उपकेंद्राने पावसाळ्यात वाचविलेल्या मिनिटांचाही त्याच हिशेबात समावेश होतो, याकडे आपण संबंधितांचे लक्ष वेधावे.

दुसरी मागणी लाइन क्लिअरची. ते लेखी असावे, एकाच जबाबदार व्यक्तीच्या नावे असावे, त्यास अनुक्रमांक असावा, आणि कुलपाची किल्ली काम संपेपर्यंत त्याच व्यक्तीच्या खिशात असावी. जेथे दूरध्वनीवाचून गत्यंतर नाही तेथे निरोप घेणाऱ्याने तो शब्दशः परत म्हणावा व दोन्ही ठिकाणच्या नोंदवह्यांत तोच क्रमांक व तीच वेळ चढावी. एका जागी दोन टोळ्या काम करीत असतील तर दोन स्वतंत्र परवाने व दोन स्वतंत्र कुलपे असावीत; “तिकडच्यांचे झाले असेल” या अनुमानावर लाइन चालू करण्याचा प्रकार कायमचा बंद व्हावा. डिटेक्टर वापरण्यापूर्वी व वापरल्यानंतर तो जिवंत ठिकाणी लावून चालतो याची खातरजमा करावी, कारण बिघडलेला डिटेक्टर प्रत्येक लाइनला निर्जीवच ठरवितो. अर्थिंगची क्लॅम्प प्रथम जमिनीच्या पट्टीस व नंतर वाहकास जोडावी, काढताना नेमका उलट क्रम पाळावा. हा क्रम उपकेंद्राच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत रंगविण्यास फारसा खर्च येणार नाही. उघड्या उपकेंद्रात जो भाग जिवंत राहणार असेल त्यापासून काम करणाऱ्यास ११ किलोव्होल्टसाठी २.६ मीटर व ३३ किलोव्होल्टसाठी २.८ मीटर अंतर राहिले पाहिजे, आणि ते दोरी व फलक लावून आखलेले असावे.

साहित्याविषयी थोडक्यात लिहितो. पुसण्यासाठी धागे न सुटणारे कोरडे सुती कापड, कपाटांसाठी अवाहक तोंडाचा व्हॅक्यूम क्लीनर, आणि तेलकट डागांसाठी उत्पादकाने सांगितलेले द्रावणच मिळावे; पेट्रोल व रॉकेलचा बोळा, पॉलिश कागद, लोखंडी जाळी आणि ओले फडके यांस स्पष्ट मनाई असावी. दाबाखालील हवेचा झोत कपाटात मारण्याची रीतही थांबावी, कारण त्याने धूळ बाहेर न जाता यंत्रणेच्या खोल भागांत जाऊन बसते व हवेतील ओलावाही सोबत जातो. पॅनलसमोरील रबरी चटया भारतीय मानक १५६५२ प्रमाणे, ११ किलोव्होल्टसाठी ब वर्गाच्या व ३३ किलोव्होल्टसाठी क वर्गाच्या असाव्यात. हातमोजे प्रत्येक वेळी हवा भरून तपासावेत, आणि हातमोजे आहेत म्हणून अर्थिंग नको असे म्हणणाऱ्या पर्यवेक्षकास ताकीद मिळावी. गणवेश मात्र सुती द्यावा. विजेच्या आर्कच्या आचेने कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीस चिकटते, आणि मूळ भाजण्याहून ते निस्तरणे कठीण जाते. सुरक्षा सप्ताहात फलक, बिल्ले व शपथा यांवर जो खर्च होतो, त्यातूनही बरेच हातमोजे येतील असे आमच्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे मत असून त्याची नोंद येथे करणे आम्हांस गैर वाटत नाही.

मक्तेदाराकडील कामगारांविषयी आम्हांस विशेष आस्था आहे. मार्च ते मे या हंगामासाठी घेतलेला माणूस आदल्या आठवड्यापर्यंत आंब्याच्या बागेत अथवा बांधकामावर असू शकतो. त्याच्या हाती फडके देण्यापूर्वी त्यास कोणता भाग जिवंत आहे हे दाखविणे, शॉक बसलेल्यास कृत्रिम श्वसन कसे द्यावे याचे शिक्षण देणे, कायम कामगारास मिळणारीच साधने त्यास देणे, आणि त्याचा विमा उतरविल्याचा कागद परवान्यास जोडणे, या गोष्टींची जबाबदारी मक्तेदाराबरोबरच काम देणाऱ्या अभियंत्यावरही निश्चित व्हावी. नियमानुसार अधिकृत व्यक्तींची जी यादी ठेवावयाची असते तीत ज्याचे नाव नाही, त्याने अर्थिंग झाल्याचे स्वतः पाहिल्यावाचून साधनास हात लावू नये.

आपल्या अधिकाराविषयी आमची अखेरची विनंती अशी आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ नुसार अपघाताची चौकशी होते, आणि चौकशीसाठी आपले निरीक्षक येतात तेव्हा उपकेंद्रात सर्व काही जागच्या जागी असते. तेच निरीक्षक मार्च ते मे या काळात, पूर्वसूचना न देता, शटडाऊन चालू असताना एकदा यावेत आणि त्यांनी इतर काहीही न पाहता केवळ अर्थिंग रॉड लावलेले आहेत काय व किल्ली कोणाकडे आहे एवढेच पाहावे. थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद करण्यासाठी, नोंद करणाऱ्यास शिक्षा होणार नाही अशा हमीसह, प्रत्येक उपकेंद्रात एक वही ठेवण्याचा हुकूम व्हावा, व पूर्ण झालेल्या चौकश्यांचे निष्कर्ष नावे गाळून मराठीतून उपकेंद्रांकडे पाठवावेत.

पावसाळ्यापूर्वीच्या कामांची वेळापत्रके येत्या महिन्यात मंजूर व्हावयाची आहेत. ती मंजूर होण्यापूर्वी वरील मागण्यांना अनुसरून परिपत्रक निघावे, आणि त्याआधी आमचे म्हणणे समक्ष ऐकून घेण्यासाठी आपल्या सोयीचा दिवस व वेळ कळवावी, अशी विनंती आहे.

आपले नम्र,
किनारपट्टीतील उपकेंद्रांवरील कार्यरत व निवृत्त यंत्रचालक, तंत्रज्ञ व कंत्राटी कामगार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)