भिंतीला चढणारं पाणी

चवथीच्या आधी घराची साफसफाई काढली की आपल्या गोव्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. बाहेरची भिंत वरून बरी, पण जमिनीपासून दीड-दोन फूट तांबडी, शेवाळलेली, गिलाव्याचे पोपडे सुटलेली. घरधनी रंगाला शिव्या देतो, रंगारी चिऱ्याला दोष देतो आणि दुकानदार वॉटरप्रूफ रंगाचा नवा डबा गळ्यात मारतो. दिवाळीला रंग होतो, पुढच्या पावसात पुन्हा तेच. भिंतीच्या पायथ्याशी काय घातलंय हे मात्र कोणी वाकून बघत नाही. तिथे पेव्हर्स असतात नाहीतर कोबा. थेट भिंतीला भिडलेला!

वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही, असं आपले वाडवडील सांगून गेले. खरं आहे. पण ते भिंतीला चढतं. आठ-दहा फुटांवरून पडणारी पागोळी टणक जागेवर आपटली की शिंतोडे उडतात आणि भिंतीचा तळ दिवसचे दिवस भिजत राहतो. उघड्या मातीवर पडली तर चिखलासकट उडते. चिरा सच्छिद्र, तो पाणी शोषतो. वर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकसारखा रंग चढवला की आत गेलेलं पाणी सहज बाहेर पडत नाही. मग फुगे आणि पोपडे. जर्मनीत बांधकामाच्या नियमांत जमिनीपासून सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंतची भिंत शिंतोड्यांचा पट्टा म्हणून वेगळी धरतात आणि घराभोवती गोट्यांची किनार घालतात. त्यांच्याकडे वर्षाला सरासरी 800 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे सुमारे 3000. काळजी कोणी जास्त घ्यायला हवी?

जुन्या घरांना ही अक्कल होती. जोतं उंच, छपराची वळचण भिंतीच्या चांगली पुढे, आणि पावसाआधी झडीच्या बाजूला माडाच्या विणलेल्या झावळ्या. आपण स्लॅब आणला, वळचण आखूड केली, झावळ्या गावंढळ ठरवल्या आणि वर अंगणही टणक करून टाकलं.

कारण विचारलं तर उत्तर तयार : 'शहरात सगळीकडे असंच असतं.' आमचे एक नातेवाईक सुरतेला असतात. त्यांच्या इमारतीभोवती भिंतीला लागून सिमेंटचा उतरता पट्टा आहे. तो बघून आलेले आमचे भावोजी गावच्या घराला तेच करायला निघाले. अहो भावोजी, सुरतेची जमीन कुठली, आपली कुठली! तिकडे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पायाला हलवते. तिथे पायाजवळ पाणी मुरू न देणं हेच शहाणपण. नुसती खडी टाकून पाणी आत सोडलं तर भिंतींना तडे जायचे. पाऊसही साधारण 1200 मिलिमीटर. आपली तांबडी जांभ्याची जमीन तशी फुगत नाही, पाणी मुरवून घेते. सुरतेचा इलाज सुरतेच्या दुखण्यावर. नक्कल करायचीच तर आधी दुखणं एक आहे का, ते तरी बघा.

आपल्याला काय हवं? पागोळी पडते त्या रेषेवर दीड-दोन फूट रुंद, अर्धा फूट खोल चर. तळाला घरापासून बाहेर उतार. त्यावर पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे माती खडीत मिसळत नाही. वर 20 ते 40 मिलिमीटरची धुतलेली खडी किंवा गोटे. भुकटीवाली खडी नको, ती बसून कोब्यासारखी घट्ट होते. बाहेरच्या कडेला चिऱ्यांची एक ओळ. खडी जोत्याच्या खालीच राहिली पाहिजे. खाजनाकाठी किंवा सखल जागी पाणी तुंबत असेल तर चराला बाहेर वाट काढून द्या. थेंब गोट्यांवर फुटतो, फटींतून खाली जातो, भिंतीकडे उडायला फारसा उरत नाही. जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीवर मात्र हा उपाय नव्हे, ते दुखणं वेगळं.

'खडीत पानं अडकतात, गवत उगवतं.' अडकतात, उगवतं. वर्षातून एकदा खडी उचलून साफ करावी लागते. दर दिवाळीला भिंत खरवडण्यापेक्षा ते कमी कष्टाचं नाही का?

मी सरकारी कारकून. 'सुशोभीकरण' हा शब्द फायलींत इतक्यांदा वाचलाय की त्याचा अर्थ आता पाठ झाला आहे : मोकळी माती दिसली की झाकणे. देवळाचं आवार झालं, शाळेचं झालं, आता घरचं अंगण. जे पाणी अंगणात मुरून विहिरीला मिळायचं ते गटारात जातं आणि उन्हाळ्यात त्याच वाड्यावरून टँकरसाठी अर्ज येतो. अर्जावर शिक्का मारायला आम्ही आहोतच!

असो. यंदा रंगाचा डबा आणण्याआधी एवढंच करा : भिंतीला लागून असलेल्या पेव्हर्सच्या पहिल्या दोन-तीन ओळी उचला, तिथे खडी घाला आणि पुढचा पावसाळा सरल्यावर भिंत बघा. मग बोलू.