जड गाडी, जुनी गाडी

बालमित्रांनो, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून आमच्या चौथीच्या वर्गाने मला एका प्रश्नाने भंडावून सोडलंय. "बाई, एवढी जड मोटारसायकल तुम्हाला पेलते कशी?" प्रश्न रास्त आहे. लांबच्या प्रवासासाठी घेतलेली माझी मिटिऑर ३५० आहे १९१ किलोची आणि बाई आहेत ५२ किलोच्या! तर आजचा तास याच प्रश्नाचा.

पहिली गोष्ट. गाडी सरळ उभी असते तेव्हा तिचं सगळं वजन चाकांमधून जमिनीत जातं. आपल्या हातांवर जवळजवळ काहीच येत नाही. ती कलली, की मात्र तिचा भार आपल्याकडे यायला लागतो. किती? गाडीचा गुरुत्वमध्य हँडलच्या निम्म्या उंचीवर आहे असं धरून मी हिशेब मांडला. गाडी ५ अंशांनी कलली, तर हँडल धरणाऱ्यावर सुमारे ८ किलोंचा भार येतो. १० अंशांना तो १७ किलो होतो आणि २० अंशांना ३३ किलो! म्हणजे सुरुवात दप्तरापासून होते आणि बघता बघता गव्हाचं पोतं हातात येतं.

म्हणून जड गाडी ताकदीनं उचलायची नसते, तोलायची असते. कलायला लागली की तिथल्या तिथे सावरायची. फारच कलली, तर हट्ट करायचा नाही. पाय काढून बाजूला व्हायचं आणि पडू द्यायची. आरसा बाजारात नवा मिळतो, पाय मिळत नाही.

दुसरी गोष्ट डबल स्टँडची. गाडी डबल स्टँडवर लावताना पुष्कळ जण ती हातांनी वर ओढतात आणि मग कंबर धरून बसतात. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि स्टँडच्या दांडीवर आपलं सगळं वजन टाकून उभं राहायचं. गाडी आपोआप वर चढते. हात फक्त तिला सरळ धरायला. विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ ती हीच, बरं का!

तिसरी गोष्ट वळणाची. जड गाडी वेगात असताना त्रास देत नाही. त्रास देते ती अगदी हळू चालताना. आमच्या वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. तिथे चढावर, वळणात, समोर एसटी आली की गाडी मुंगीच्या पावलांनी न्यावी लागते. अशा वेळी हाफ क्लच ठेवायचा, मागचा ब्रेक हलकेच दाबायचा आणि नजर जिथं जायचंय तिथं ठेवायची. चाकापुढच्या खड्ड्याकडे बघत राहिलात, तर गाडी त्या खड्ड्यातच जाते. आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. दाबला, की गाडी आडवी झालीच म्हणून समजा.

आणि पडलीच तर? आधी इंजिन बंद. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसायचं. एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला. पाठ ताठ ठेवून पायांनी रेटा द्यायचा आणि छोटी छोटी पावलं मागे टाकायची. आजूबाजूला कुणी असेल, तर खुशाल हाक मारायची. मदत मागण्यात कसली आलीय लाज?

हे सगळं ऐकून झाल्यावर मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला. "मग बाई, तुमच्या घरची जुनी गाडी कुठं गेली?"

हा प्रश्न मात्र किलोंत मोजण्यासारखा नाही.

जुनी गाडी आमच्या नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९९२ साली घेतलेली हीरो होंडा सीडी १००. राजदूत, येझदीसारख्या तेव्हाच्या टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलबरोबर ऑइलही लागायचं. ही फोर-स्ट्रोक. तिला ती भानगड नव्हती आणि पेट्रोलही कमी प्यायची. आमचा दवाखाना, बाजार, लग्नकार्य, सगळं तिच्यावरच झालं. नाना पुढे आणि आई मागे. आईने धरून धरून मागची दांडी गुळगुळीत झाली होती.

२०२१ मध्ये आई गेली. त्यानंतर नानांनी गाडी ताडपत्रीखाली ठेवून दिली. दर रविवारी पुसायचे, पण किक काही मारायचे नाहीत. मुलांनो, उभी गाडी जशीच्या तशी राहते असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. पेट्रोल टाकीत पडून पडून खराब होतं आणि कार्बोरेटर चोंदतो. टायरला भेगा पडतात. टाकी आतून गंजते. पुसून चकचकीत दिसणारी गाडी आतून संपत जाते.

आमच्या गल्लीतला एक मुलगा आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा कोर्स करतो. त्याने गाडी मागितली. नानांनी दोनदा नाही म्हटलं. मी मध्ये पडले नाही, कारण गाडी त्यांची होती. तिसऱ्यांदा तो आला, तेव्हा नानांनी एवढंच विचारलं, "रोज चालवशील?"

तो म्हणाला, "रोज नाही चालवली तर आयटीआयला जाऊ कसा, नाना?"

नानांनी चावी काढली. चावीला आईने विणलेला लोकरीचा गोंडा होता. तो त्यांनी सोडवून खिशात ठेवला आणि नुसती चावी त्याच्या हातावर ठेवली. नंतर पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला कसा फिरवायचा, थंडीत चोक किती ओढायचा, हे सगळं त्याला शिकवलं. आता संध्याकाळी गल्लीत तो आवाज आला, की नाना दारात येतात आणि ओरडतात, "अरे, चेन सैल झालीय! घट्ट करून घे!"

पालकांसाठी दोन शब्द. चावी दिली म्हणजे गाडी दिली असं होत नाही. आरटीओकडे फॉर्म २९ आणि ३० भरून नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करून घ्या. अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. १५ वर्षं झालेल्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय ना, तेही पाहा. आणि १८ वर्षं पूर्ण होण्याआधी मुलांच्या हाती गिअरची गाडी मुळीच देऊ नका. २०१९ च्या कायदेबदलानंतर अशा वेळी पालकालाच २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता गृहपाठ. आपली सायकल धरून उभे राहा, हळूहळू कलवा आणि भार कधी वाढतो ते हाताला विचारा. दुसरा गृहपाठ जरा अवघड. घरात वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली एखादी वस्तू असेलच. शिलाई मशिन, रेडिओ, हार्मोनियम, काहीही. ती कुणाला देऊन टाका असं मी म्हणत नाही. ती ज्यांची आहे त्यांच्याजवळ बसा आणि तिची गोष्ट विचारा. देणं, न देणं ते ठरवतील. तुम्ही ती गोष्ट मात्र मला लिहून पाठवा.

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई