अब्बांच्या वाट्याला उरलासुरला लॅपटॉप नको

किराणा दुकान असो, भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कारखाना असो, की घरातच चालणारे शिलाई-भरतकाम असो, नुसत्या हिशेबाच्या वहीवर आता धंदा चालत नाही. जी.एस.टी.चे विवरणपत्र ऑनलाइन भरावे लागते. माल बाहेरगावी धाडायचा तर ई-वे बिल काढावे लागते. बँकेचा उतारा पाहावा लागतो, गिऱ्हाइकाला नमुने पाठवावे लागतात. मोबाइलवर यातले बरेच भागते, पण सगळे भागत नाही. लॅपटॉप लागतोच आणि नवा घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. म्हणून आपले अनेक व्यापारी व कारागीर बंधू सेकंड हॅण्ड लॅपटॉपकडे वळतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. नीट पारखून घेतलेला जुना लॅपटॉप हलक्या प्रतीच्या नव्या लॅपटॉपपेक्षा अनेकदा जास्त टिकतो.

तक्रार आहे ती आपल्या एका सवयीबद्दल. घरात नवे यंत्र आले की ते कमावत्या मुलाकडे जाते आणि त्याचे जुने, बॅटरी गेलेले, अक्षरे पुसलेले यंत्र अब्बांच्या किंवा चाचांच्या पुढे सरकवले जाते. "त्यांना काय, थोडेच तर काम आहे!" असे आपण म्हणतो. आमच्या मते हा हिशेब उलटा आहे. तो का, हे सांगण्याआधी जुना माल पारखायचा कसा ते पाहू.

माल येतो कोठून?

बाजारातील चांगला जुना माल बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून येतो. तेथे तीन-चार वर्षे वापरून झाले की लॅपटॉप एकगठ्ठा बदलले जातात व ठोक व्यापाऱ्यांमार्फत मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस अशा बाजारांत उतरतात. तेथून ते आपल्या तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचतात. लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक या कचेरीसाठी बनवलेल्या जाती होत. त्यांची बिजागरी व कीबोर्ड दणकट असतो, सुटे भाग मिळतात आणि गल्लीतला कारागीरही त्या उघडून दुरुस्त करू शकतो. घरगुती वापराचे चकचकीत पण पातळ प्लॅस्टिकचे जुने लॅपटॉप दिसायला बरे दिसतात, परंतु बिजागरीपाशी लवकर तडकतात.

एक रेघ लक्षात ठेवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. घरगुती ग्राहकांना पुढील सुरक्षा-दुरुस्त्यांची सवलत देण्यात आली, पण ती मुदतीची आहे. विंडोज ११ मात्र प्रत्येक जुन्या यंत्रावर रीतसर चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. शिवाय टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. परिणामी सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप कचेऱ्यांना नकोसे झाले. दुकानात एखादे यंत्र फारच स्वस्त सांगितले जात असेल, तर ते रेघेच्या अलीकडचे नाही ना, हे आधी पाहावे.

पिढी ओळखणे अवघड नाही. प्रोसेसरच्या नावात 'आय ५' किंवा 'आय ७' नंतर जो आकडा येतो तो वाचा. तो ८ किंवा ९ ने सुरू होत असेल, किंवा सुरुवातीचे दोन अंक १०, ११, १२ असतील, तर यंत्र रेघेच्या पलीकडचे आहे. ६ किंवा ७ ने सुरू होत असेल तर थांबा. "आय ५ आहे, आय ७ आहे" एवढ्यावर भुलू नका, कारण सहाव्या पिढीचा आय ७ यात उपयोगाचा नाही. थिंकपॅड टी ४८०, लॅटिट्यूड ७४९० आणि एलिटबुक ८४० जी ५ ही आठव्या पिढीत मिळणारी नावे टिपून ठेवण्यासारखी आहेत.

काही विक्रेते अपात्र यंत्रावरही आडमार्गाने विंडोज ११ चढवून देतात. यंत्र सुरू होते, पण पुढच्या दुरुस्त्या मिळतच राहतील याची हमी कोणी देत नाही. ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार करायचा, त्याच्या बाबतीत ही जोखीम परवडणारी नाही. केवळ वाचन, पत्रव्यवहार व व्हिडिओसाठी यंत्र हवे असेल, तर जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली टाकून घेता येते. मात्र टॅली प्राइम विंडोजसाठीच बनलेले आहे, हे हिशेबनिसांनी विसरू नये.

स्वतःसाठी किती, काय?

हिशेब, विवरणपत्रे आणि पत्रव्यवहार यांसाठी ८ जी.बी. रॅम व २५६ जी.बी. एस.एस.डी. पुरे. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेले यंत्र घेऊ नये, घेतल्यास आधी एस.एस.डी. बसवून घ्यावी. इतर कोणत्याही बदलापेक्षा या एका बदलाने वेग जास्त वाढतो. भरतकाम, छपाई किंवा फर्निचरचे आराखडे काढणाऱ्या कारागिरांनी १६ जी.बी. रॅम पाहावी. रॅम पुढे वाढवता येते की बोर्डावरच चिकटवलेली आहे, हेही विचारून घ्यावे.

ठरवलेली सगळी रक्कम यंत्रावर खर्च करू नका. आमचा सल्ला असा, की पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा. नवी बॅटरी, चांगला चार्जर, माऊस यांना पैसे लागतातच, आणि ते आधी धरले नाहीत तर स्वस्त सौदा महाग पडतो.

दुकानात अर्धा तास द्या

यंत्र बंद असताना हाती घ्या. टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला असेल तर बॅटरी फुगली आहे असे समजा. ती धोकादायक असते, तो सौदा सोडा. झाकण चार-पाच वेळा उघडून मिटा. मग यंत्र सुरू करून प्रत्येक कळ दाबा, दोन्ही बाजूंचे यू.एस.बी. लावून पाहा, कॅमेरा, माईक व वाय-फाय तपासा. पांढऱ्या पडद्यावर डाग आहेत का ते पाहा. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झालेले आहे का, हे सेटिंगमध्ये दिसते.

दुकानदाराला बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. ही सोय विंडोजमध्येच असते. त्यात मूळ क्षमता व आजची क्षमता असे दोन आकडे येतात. ५०,००० च्या जागी ३०,००० उरले असतील तर बॅटरी साठ टक्के उरली. तेवढ्याने किंमत कमी करून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि बायोसमध्ये जाऊन पाहा. तेथे जुन्या कंपनीचा पासवर्ड अडवत असेल तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

आता बुजुर्गांविषयी

तरुणाचे यंत्र अडले तर तो दुसरे काही करून पाहतो, मित्राला विचारतो, बंद करून पुन्हा चालू करतो. सत्तरीच्या अब्बांचे यंत्र अडले तर ते म्हणतात, "माझ्याकडूनच काही बिघडले असेल." कळ अडकते यंत्राची आणि दोष ते स्वतःला देतात. दोन-चार वेळा असे झाले की लॅपटॉप कपाटात जातो. मग आपण सांगत सुटतो, की या वयात त्यांना जमत नाही. ज्यांनी चाळीस वर्षे दुकानाचा जमाखर्च तोंडपाठ ठेवला, त्यांना चार बटणे जमत नाहीत हे आम्हाला पटत नाही. त्यांना धड यंत्र मिळत नाही, एवढेच खरे.

म्हणून वडीलधाऱ्यांसाठी यंत्र घेताना वेग थोडा कमी असला तरी चालेल, पण पडदा, कळा व आवाज चोख हवा. १४ इंचांपेक्षा लहान पडदा नको, १५.६ इंचांचा मिळाल्यास उत्तम. तो फुल एच.डी. व आय.पी.एस. प्रकारचा असावा, म्हणजे तिरके बसले तरी चित्र फिकट पडत नाही. अक्षरे बारीक दिसली तर सेटिंगमध्ये १२५ किंवा १५० टक्के मोठी करता येतात. कळांवरील अक्षरे पुसलेली नसावीत, कळांखाली उजेड असल्यास संध्याकाळी सोय होते. आखातात असलेल्या मुलाशी अम्मी बोलणार असतील तर कॅमेरा व स्पीकर त्यांच्यासमोरच तपासा. मराठी व उर्दू दोन्हींचे कीबोर्ड विंडोजमध्ये आहेत, ते आधीच चालू करून द्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पैशांची. बुजुर्गांच्या खात्यात आयुष्यभराची पुंजी असते आणि ठगांची नजर तिच्यावरच असते. त्यांच्या लॅपटॉपवर दोन खाती करावीत. नवीन सॉफ्टवेअर टाकण्याचा अधिकार असलेले एक तुमच्याकडे आणि साधे खाते त्यांच्याकडे. "संगणक बिघडला आहे, दुरुस्त करून देतो" असे सांगून फोनवरून सॉफ्टवेअर टाकायला लावणारा माणूस ठगच असतो, हे त्यांना एकदा नव्हे, दहादा सांगा. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे. ज्या यंत्राच्या सुरक्षेची मुदत संपली ते त्यांच्या हाती देऊन वर ही जोखीम वाढवणे योग्य नव्हे.

पक्की पावती घ्या, पक्की पावती द्या

बिलावर यंत्राचा सिरियल नंबर, हमीचे दिवस आणि हमीत काय काय येते हे लिहून घ्या. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे, म्हणून बिनपावतीचा सौदा टाळावा. स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्या कारागिराने केवळ त्याच कामासाठी यंत्र घेतले असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो ग्राहकच धरला जातो. पण दाद मागायची तर हाती कागद लागतो.

जे बंधू या धंद्यात आहेत त्यांनाही आमचे सांगणे आहे. मालातील ऐब दाखवून माल विकणे ही आपल्या बाजाराची जुनी शिस्त आहे. बॅटरी साठ टक्के आहे, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधी तुम्हीच सांगा. असे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन येते.

घरात दोन लॅपटॉप घ्यायचे असतील आणि त्यांतील एक जास्त धड असेल, तर तो कोणाला द्यावा याचा विचार खरेदीला निघण्याआधी करा. शक्य असेल तर अब्बांना बरोबर न्या. कळा त्यांच्या बोटांनी दाबून पाहू द्या, पडदा त्यांच्या चष्म्यातून पाहू द्या आणि मगच पैसे मोजा.