हाडाचं इंजेक्शन आणि उपटलेली दाढ

माझ्या मावशीची दाढ भोसरीतल्या एका दवाखान्यात काढली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" ती म्हणाली, "बीपीची एक." हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून घेतलेलं औषध तिच्या लेखी गोळी नव्हतीच. दोन महिने उलटले तरी खड्डा भरेना. जीभ फिरवली की काहीतरी खरखरीत लागायचं. ते तिचंच हाड होतं, उघडं पडलेलं.

झोलेड्रोनेट, ॲलेंड्रोनेट, डेनोसुमॅब ही औषधं हाडांची झीज रोखतात, पण त्याबरोबर हाडांची रोजची डागडुजीही मंदावते. जबड्याला ती सतत लागते, म्हणून जखम तिथंच अडते. अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्क्स यांनी 2003 साली याकडे लक्ष वेधलं.

घाबरून औषध मात्र कुणी सोडू नये. ठिसूळ हाडांसाठी घेणाऱ्यांत हा त्रास अगदी विरळा होतो. कर्करोग हाडात पसरल्यामुळे मोठे डोस घेणाऱ्यांना धोका कितीतरी जास्त. शिवाय डेनोसुमॅब परस्पर बंद केलं तर मणके मोडू शकतात.

उपचार चिकाटीचे आहेत: क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या, अँटिबायोटिक, सुटलेला तुकडा काढणं, नाहीतर मेलेलं हाड कापून वर हिरडी शिवणं. मावशीचं शेवटी तेच झालं. भोसरीजवळच्या संत तुकारामनगरात वायसीएम रुग्णालय आणि डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय जवळजवळ आहेत. हाडाचं इंजेक्शन लिहिणारा आणि दात बघणारा डॉक्टर इतके शेजारी असताना रुग्णाच्या कागदावर त्यांची गाठ पडू नये, याचा मला राग येतो.

एकोणिसाव्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेनं कामगारांचे जबडे असेच सडायचे. भारतात 1913 च्या कायद्यानं त्या काड्यांवर बंदी आली. फॉस्फरसची विषबाधा आढळली तर डॉक्टरनं कळवलंच पाहिजे, असं 1948 च्या कारखाना अधिनियमानं ठरवलं. चाकणच्या शेडमधल्या कामगारासाठी सरकारला हे सुचलं. त्याच्या घरातल्या म्हातारीसाठी इंजेक्शनच्या चिठ्ठीवर "आधी दात दाखवून या" एवढी ओळ सक्तीची का नसावी?

इंजेक्शन आधीच झालं असेल आणि दाढ ठणकत असेल, तर खुर्चीत बसताच इंजेक्शनचं नाव आणि तारीख सांगा. उपटण्याऐवजी रूट कॅनाल करून भागेल का, तेही विचारा. पुष्कळदा भागतं.