लाल शाईचे चार शेरे

शिस्तीविना सैन्य उभे राहत नाही, हे शाखेत वाढलेल्या वाचकास सांगणे नको. पण शिस्त म्हणजे केवळ शेऱ्यांची मोजदाद नव्हे. सेवापुस्तिकेत लाल शाईचे चार शेरे पडले की जवानाला ‘अवांछनीय’ ठरवून घरी पाठविण्याची वहिवाट लष्करात रुळली. पेन्शनसाठी लागणारी पंधरा वर्षे अशाने हुकतात. उरतो तो कलंक.

तोफखान्यातील एका जवानाला बारा वर्षांच्या सेवेनंतर असेच काढले गेले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून त्याचा पेन्शनचा हक्क मान्य केला. चार शेरे झाले म्हणून बडतर्फी अटळ ठरत नाही. अपराध कोणता, जवानाने किती वर्षे आणि कोणत्या खडतर ठाण्यांवर काढली, पेन्शन किती जवळ आली होती, हे पाहिलेच पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. आधी प्राथमिक चौकशी करा, असे लष्कराच्या मुख्यालयानेच १९८८ साली लिहून ठेवले होते! आपलेच पत्र विसरणाऱ्यांच्या सेवापुस्तिकेत कोणत्या शाईने लिहावे?

सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतही आहे; मात्र अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. मान खाली घालून गावी परतलेल्या जवानाच्या उंबरठ्यावर आपला कार्यकर्ता त्या मुदतीत पोहोचतो काय?